आकाशातील जीवाचा शोध

आपल्या बीदर-कलबुर्गीच्या शेजारी असलेल्या हैदराबादेहून २० एप्रिल २००५ रोजी एक प्रचंड फुगा आकाशात झेपावला. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा त्याने निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. प्रयोगाचे मार्गदर्शक होते कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. हैदराबाद व पुणे येथील प्रयोगशाळांत त्या हवेतून जिवाणूंच्या १२ वसाहती वाढल्या. ३ जाती सर्वस्वी नव्या निघाल्या. एकीस नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांचे नाव मिळाले. जीवबीज अंतराळातून येते, असे हॉइल मानीत. तथापि २००९ साली निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा हे जीव पृथ्वीबाहेरचेच असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे स्पष्ट सांगण्यात आले. गुरूच्या नावाचा गौरव झाला. पण निर्णय पुराव्यावर सोपविला. खरी शास्त्रनिष्ठा ती हीच!