भीमथडीचें घोडें

सोलापुराहून पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. कारखान्यांच्या रांगा पाहाणाऱ्या प्रवाशास, हा एके काळीं घोड्यांचा मुलूख होता, असें सांगितल्यास सहसा पटणार नाहीं. परंतु याच टापूंत, मोहोळ तालुक्यांतील आष्टी येथें, फेब्रुवारी 1818 मध्यें पेशव्यांच्या घोडदळाची इंग्रजांशीं झुंज झाली. सेनापति बापू गोखले तेथें धारातीर्थीं पडले व साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह इंग्रजांच्या हातीं लागले. त्याच वर्षीं पेशवाई संपली. ज्या घोड्याच्या पाठीवर हें राज्य वाढलें, त्याचें पुढें काय झालें, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

तें घोडें भीमथडीचें. थडी म्हणजे नदीचा कांठ. भीमेच्या खोऱ्यांत निपजलें म्हणून त्यास हें नांव. उंचीनें बेताचें, अंगानें काटक, निकृष्ट चाऱ्यावरही निभावणारें असें हें जनावर. देशी घोड्यांत अरबी रक्त मिसळून ही जात झाली, असें मानितात. शिवकालीं घोडदळाचे दोन भाग असत. बारगिरास घोडें सरकारी पागेंतून मिळे. शिलेदार स्वतःचें घोडें घेऊन चाकरीस येई. 25 बारगिरांवर एक हवालदार, असा पागेचा क्रम होता. शिलेदाराचें घोडें मेलें, तर त्याच्या चाकरीवरच गदा येण्याचा प्रसंग. घोडें हेंच त्याचें भांडवल होतें.

1818 नंतर ही शिलेदारी ओसरली. 1860 सालीं रेल्वे सोलापुरास पोहोंचली आणि लांबच्या प्रवासासही घोड्याची गरज उरली नाहीं. तरी जात बुडाली नाहीं, याचें श्रेय धनगरांस आहे. पावसाळा सरला कीं मेंढरांचे कळप घेऊन ते चाऱ्यासाठीं कोंकणाकडे उतरतात. बिऱ्हाड, भांडींकुंडीं आणि वाटेंत जन्मलेलीं कोंकरें हें सारें घोड्याच्या पाठीवर चालतें. ज्या गुणांमुळें तें मोहिमेस उपयोगी पडलें, त्याच गुणांनीं तें धनगरांच्याही उपयोगी पडलें.

घोड्यांची हौस असणारे लोक दिवाळीच्या सुमारास अकलूजचा बाजार पाहावयास जातात. तेथें नजरेंत भरतात तीं मारवाडी व काठेवाडी उमदीं जनावरें. भीमथडी पाहावयाची असेल, तर माळावरचा धनगरवाडा गांठावा. तेथें ना तबेला, ना मोतद्दार. 2023-24 मध्यें कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेनें या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. ही नोंद योग्यच झाली. परंतु तिनें घोड्याचें पोट भरत नाहीं. माळरानें व गायरानें कमी होत आहेत, धनगरांच्या वाटा अडत आहेत. उद्यां मेंढरांचें फिरणें थांबलें, तर ओझ्याचें घोडें पोसण्याचें कारणही उरणार नाहीं. राज्य गेल्यावर दोनशें वर्षें जें धनगरांनीं राखिलें, तें पुढेंही राखावयाचें, तर प्रथम त्यांच्या चराईच्या वाटा मोकळ्या राहिल्या पाहिजेत.