रूपांतरातील गाळलेला व्यवहार

किशोरांसाठी साहसकादंबरीचे रूपांतर करताना घटना राखून त्यांमागील व्यवहार गाळणे, हा केवळ संक्षेपाचा भाग नसतो. तो मूल्यनिर्णय असतो. डॅनिएल डिफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’मध्ये (१७१९) गुलामीतून निसटलेला नायक सुटकेत साथ देणाऱ्या झुरी या मुलाला ६० नाण्यांना विकतो, पुढे गुलाम आणण्यासाठी गिनीकडे निघाला असतानाच त्याचे जहाज फुटते. हे दुवे गाळले की जहाजफुटी निव्वळ दैवयोग ठरते आणि क्रूसो निष्पाप उद्यमी.

मराठीत मात्र गुलामीच्या आकलनाची दुसरी परंपरा आहे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला आणि तिकडील दास्यात इकडील शूद्रातिशूद्रांचे दास्य ओळखले. आजचे छत्रपती संभाजीनगर ज्या खडकीतून वाढले, ती १६१० मध्ये वसविणारा मलिक अंबरही इथिओपियात जन्मलेला आणि बालवयात विकला गेलेला होता. येथील किशोरवाचकाला आफ्रिका केवळ अद्भुताची भूमी म्हणून देणे म्हणजे त्याच्याच शहराचा इतिहास गाळणे होय. झुरीची किंमत राखणारे रूपांतर कथेचा वेग कदाचित मंदावील. परंतु हा समुद्र कोणाच्या नजरेतून पाहावा, हा प्रश्न ते वाचकापुढे ठेवील.