वाढत्या वयातला कणा

परभणी जिल्ह्यातल्या आठवीतल्या मुलीची उघडी पाठ घरातल्या कोणी शेवटची केव्हा पाहिलेली असते? बहुतेक घरांत ती नऊ-दहा वर्षांची असताना. त्यानंतर ती आपली आपण न्हाऊ लागते, वेणी लांबते, खांद्यावर ओढणी येते आणि पाठ झाकली जाते. पाठीचा कणा एका बाजूला वळत जाण्याचा विकार, म्हणजे किशोरवयातला स्कोलिओसिस, नेमका याच वर्षांत डोके वर काढतो आणि याच वर्षांत झपाट्याने वाढतो. बहुधा तो दुखत नाही, ताप येत नाही, पळणे-खेळणे नेहमीसारखे चालू असते. मग एखाद्या दिवशी माप घेताना शिंपी म्हणतो की एक खांदा खाली आहे, किंवा आईच्या लक्षात येते की पोरीचा ड्रेस एकीकडून वर उचलला जातो. तोवर बाक 40 अंशांच्या पुढे गेलेला असू शकतो.

या विषयात शिरणाऱ्याने सुरुवात इथून करावी, असे मला मनापासून वाटते. पाठ्यपुस्तके तीन पर्यायांपासून सुरू होतात: लक्ष ठेवणे, ब्रेस, शस्त्रक्रिया. पण निवड करायला आधी वेळ हाताशी लागतो आणि आपल्याकडे तोच निसटतो. म्हणून हा विषय जितका हाडांच्या डॉक्टरचा, तितकाच शिक्षकाचा, आशाताईचा, फिजिओथेरपी शिकणाऱ्याचा आणि आईबापांचा आहे. परभणीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे शिकणाऱ्या मुलामुलींनी या दारातून आत यावे, ही या प्रस्तावनेमागची इच्छा आहे.

आधी मूळ गोष्ट. कणा समोरून पाहिला तर सरळ दिसतो. तो बाजूला वळला आणि वळताना मणके स्वतःभोवतीही फिरले, तर तो स्कोलिओसिस. किती वळला हे एक्स-रेवर मोजतात. सर्वांत जास्त कललेल्या वरच्या आणि खालच्या मणक्यांवरून रेषा काढून त्यांच्यातला कोन घ्यायचा, ही जॉन कॉब यांनी 1948 मध्ये रूढ केलेली रीत आजही जगभर चालते. कोन 10 अंश किंवा त्याहून अधिक असेल तरच त्याला हे नाव द्यायचे. असा बाक शंभरातल्या दोन-तीन मुलांत सापडतो, पण त्यांतल्या फार थोड्यांना उपचार लागतात. लहान बाक मुलगे आणि मुली यांच्यात जवळपास सारखेच आढळतात. बाक 30 अंशांच्या पुढे गेला की मुलींचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते.

कारण कोणते? ठामपणे सांगता येत नाही. घराण्यात चालत येण्याची प्रवृत्ती आहे आणि 2011 मध्ये जपानी संशोधकांना एका जनुकाजवळ धागा सापडला, पण एकच एक कारण हाती लागलेले नाही. काय कारण नाही, हे मात्र मोकळेपणाने सांगता येते. जड दप्तराने हा बाक येत नाही. एका खांद्यावर पिशवी घेतल्याने, कडेवर धाकट्या भावाला घेतल्याने, डोक्यावर हंडा वाहिल्याने येत नाही. ‘तू नीट बसत नाहीस म्हणून झाले’ हे वाक्य या मुलींनी फार ऐकलेले असते. डॉक्टरने पहिल्याच भेटीत, आईच्या देखत, ते खोडून काढावे.

सगळे बाक मात्र या जातीचे नसतात. काही मुलांत मणकाच जन्मतः अर्धा बनलेला असतो, काहींत मेंदूचा किंवा स्नायूंचा आजार मुळाशी असतो. आणि आपल्या भागात मणक्याचा क्षयरोग विसरून चालत नाही. पाठ रात्री दुखते, ताठते, संध्याकाळी अंग कोमट होते, वजन उतरते, तर तो ब्रेसचा विषयच नव्हे. पायांत कमजोरी असेल किंवा छातीतला बाक नेहमीप्रमाणे उजवीकडे न जाता डावीकडे गेलेला असेल, तर एमआरआय करून घ्यावा.

पाठ पाहायची कशी? विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज शल्यविशारदाने 1865 मध्ये वर्णन केलेली पद्धत इतकी साधी आहे की तिला खोलीपलीकडे काही लागत नाही. मुलीने अनवाणी उभे राहायचे, पाय जुळवायचे, गुडघे ताठ, दोन्ही तळहात एकमेकांना लावून हात खाली सोडायचे आणि पाठ आडवी होईपर्यंत हळूहळू पुढे वाकायचे. पाहणारीने मागे उभे राहून नजर पाठीच्या पातळीवर आणायची. कणा फिरलेला असेल तर एका बाजूच्या बरगड्या, किंवा कमरेशी एका बाजूचा स्नायू, उंचावलेला दिसतो. उभ्या मुलीत न दिसणारी गोष्ट वाकल्यावर दिसते. त्या उंचवट्यावर स्कोलिओमीटर नावाची छोटी पट्टी आडवी ठेवली आणि तिच्यातली गोळी 7 अंशांवर गेली, तर एक्स-रेला पाठवावे. यापेक्षा कमी भरले तर चार-सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे.

एक्स-रेबद्दल एक सूचना इथेच देतो, कारण ती फार थोड्या ठिकाणी सांगितली जाते. या मुलांचे फोटो वाढ संपेपर्यंत पुन्हा पुन्हा काढावे लागतात आणि वाढत्या वयात स्तनांवर पडणाऱ्या किरणांचा धोका खरा आहे. मुलीला छाती एक्स-रेच्या पाटीकडे करून उभे करावे आणि किरण पाठीकडून सोडावेत, म्हणजे स्तनांवरचा मारा बराच घटतो. तंत्रज्ञाला ही विनंती आईनेही करावी, त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

आता विषयाच्या गाभ्याशी येऊ. बाक किती अंशांचा आहे यापेक्षा मुलीची वाढ किती उरली आहे, हा प्रश्न मोठा. लॉन्स्टीन आणि कार्लसन यांनी 1984 मध्ये 727 मुलांचा मागोवा प्रसिद्ध केला. 20 ते 29 अंशांचा बाक आणि हाडांची वाढ अगदी कोवळी, अशा मुलांत 68 टक्क्यांचा बाक वाढला. तेवढाच बाक, पण हाडे बरीच पिकलेली, अशांत 23 टक्के. बाक 20 च्या आत आणि वाढ सरत आलेली, तर दोन टक्केही नाहीत. हाडांची ही पक्वता कमरेच्या हाडाच्या काठावर किंवा पंजाच्या एक्स-रेवर वाचतात. पण सर्वांत उपयोगी माहिती एका प्रश्नात मिळते: पाळी आली का, आणि केव्हा? उंची सर्वाधिक वेगाने वाढते ती पाळी येण्याच्या आधी. पाळीनंतर साधारण दोन वर्षांत वाढ जवळजवळ थांबते. म्हणजे ‘अजून लहान आहे, शहाणी झाली की दाखवू’ असे म्हणून जे घर थांबते, ते नेमका मोलाचा काळ घालवते. आपल्याकडे हा प्रश्न पुरुष डॉक्टरने विचारला की मुलगी खाली पाहते आणि आई अंदाजे उत्तर देते. नर्सताईने बाजूला नेऊन विचारावा, महिना-साल लिहून घ्यावे.

वाढ उरलेली आणि बाक 20-25 अंशांच्या आत, तर लक्ष ठेवणे हा पूर्ण उपचार आहे. दर चार-सहा महिन्यांनी पाहायचे, उंची मोजायची, गरज पडली तर फोटो. घरच्यांना ही टाळाटाळ वाटते, ‘गोळी नाही, इंजेक्शन नाही, मग नेले कशाला’ असे होते. त्यांना समजावून सांगण्यात दहा मिनिटे गेली तरी ती घालवावीत. नाही तर ते पुढच्या खेपेस येत नाहीत किंवा मालिश करणाऱ्याकडे जातात.

25 ते 40-45 अंश आणि वाढ शिल्लक असेल तर ब्रेस. याबद्दल कितीतरी वर्षे मतभेद होते. मिलवॉकीत 1940 च्या दशकात गळ्यापर्यंत येणारा धातूचा सांगाडा निघाला, 1970 च्या दशकात बोस्टनहून काखेखाली बसणारा प्लास्टिकचा ब्रेस आला, पण तो खरोखर काम करतो का, हे धड सिद्ध नव्हते. 2013 मध्ये वाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातल्या 242 मुलांचा अभ्यास छापला. ब्रेस वापरणाऱ्यांत 72 टक्के मुले 50 अंशांच्या आत राहून वाढ पूर्ण करू शकली, न वापरणाऱ्यांत 48 टक्के. ब्रेसमध्ये तापमान नोंदणारी चिप बसवलेली होती, त्यामुळे सांगितलेले तास आणि घातलेले तास वेगळे कळले. दिवसाला सुमारे 13 तासांपेक्षा जास्त घालणाऱ्यांत यश 90 टक्क्यांच्या वर गेले. हेही विसरू नये की ब्रेस न घालताही जवळपास निम्मी मुले वाचली. एकेका मुलीबद्दल आधी सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांना घालायला सांगतो, हे तिला सरळ सांगावे.

आता हा ब्रेस मे महिन्यात जिंतूर किंवा पाथरीच्या पत्र्याच्या घरात घालून पाहा. बाहेर 43 अंश, आत त्याहून जास्त, वीज गेलेली. बरगड्यांपासून कुल्ल्यापर्यंत घट्ट बसणारे प्लास्टिक, आतून गाद्यांचा दाब, मागे किंवा पुढे पट्टे. खाली शिवण नसलेला सुती बनियन लागतो, तो घामाने दिवसातून दोन-तीनदा बदलावा लागतो. ब्रेस काढल्यावर कातडी लाल दिसते. अर्ध्या तासात लाली गेली तर ठीक, राहिली तर दाब चुकतो आहे. थंड देशातल्या पुस्तकात लिहिलेले 18 तास इथे आहेत तसे उतरवता येणार नाहीत. पण 13 तासांचा आकडा वाचला की वाट दिसते: संध्याकाळी सहाला घालून सकाळी सातला काढला, तरी ते तास भरतात, शाळेत मैत्रिणींपुढे तो मिरवावा लागत नाही आणि दुपारची काहिली टळते. जास्त घालता आला तर उत्तमच. तासांची वाटणी मुलीशी बोलून ठरवावी, ती तिने ठरवली तर पाळली जाते. ब्रेस अंगाच्या मापाने बनतो आणि ती वाढेल तसा बदलावा लागतो, म्हणून तो बनवणारा माणूस जवळ असणे महत्त्वाचे. मुंबईत हाजी अलीला 1955 पासून असलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था हे काम करते, पण परभणीहून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस धरून दर खेपेला तिथे जाणे सर्वांना परवडत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत गेले आहे, पण ती मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. ब्रेसचा खर्च बहुधा घरावरच येतो. शस्त्रक्रिया टाळू शकणाऱ्या साधनाला आधार कमी मिळावा, हे मला पटत नाही.

व्यायामाबद्दल थोडक्यात. जर्मनीत कॅथरीना श्रोट यांनी 1920 च्या दशकात विशिष्ट श्वसन आणि स्थितीचे व्यायाम बसवले. काही चाचण्यांत त्यांचा माफक फायदा दिसला आहे, पाठ बळकट राहते, मन लागते. मोठ्या बाकाला ब्रेसच्या जागी ते चालत नाहीत. योगासनांनी कणा सरळ होतो, असा दावा कोणी केला तर पुरावा मागावा.

बाक 45-50 अंशांच्या पुढे गेला की शस्त्रक्रियेचा विचार येतो, कारण छातीतला एवढा बाक वाढ संपल्यावरही सरासरी वर्षाला एखादा अंश वाढत राहतो. टेक्सासमध्ये पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओच्या मुलांसाठी धातूची दांडी वापरली आणि 1962 मध्ये ते काम छापले. आज मणक्यांत स्क्रू बसवून दोन दांड्यांनी कणा सावरतात, हाडाचे तुकडे रचतात आणि तेवढा भाग कायमचा एकसंध होतो. तो भाग पुन्हा वाकत नाही, ही त्याची किंमत. मज्जारज्जूला इजा होण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी, पण शून्य नाही. शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूचे संदेश यंत्रावर पाहण्याची सोय त्या रुग्णालयात आहे का, हे बापाने विचारावे. कणा न जोडता दोरीने वाढ वळवण्याची पद्धत अमेरिकेत 2019 मध्ये मान्य झाली, तिची दीर्घकाळची फळे अजून पाहायची आहेत.

आणि काहीच केले नाही तर? आयोवा इथे उपचार न घेतलेल्या 117 जणांना पन्नास वर्षांनंतर तपासले, 2003 मध्ये ते प्रसिद्ध झाले. पाठदुखी त्यांना इतरांपेक्षा जास्त होती, छातीतला बाक 80 अंशांच्या पुढे असेल तर धाप लागत होती. पण बहुतेकांनी नोकऱ्या केल्या, संसार केले. हे आईबापांना सांगितलेच पाहिजे, कारण आपल्याकडे निर्णयावर लग्नाचे सावट असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 48 टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. अशा ठिकाणी बाक लपवला जातो, आणि उघडा पडला की ‘पोरीला पोर होईल का’ हा प्रश्न येतो. ब्रेस घातलेल्या किंवा शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना मूल होण्यात अडचण येत नाही. कमरेखालपर्यंत कणा जोडला असेल तर बाळंतपणात पाठीतून भूल देणे कठीण जाऊ शकते, एवढेच डॉक्टरला आधी सांगावे. लग्नाच्या घाईने शस्त्रक्रिया उरकू नये आणि लग्नाच्या भीतीने ब्रेस टाळू नये.

शाळेत सरसकट पाठी तपासाव्यात का, यावर जाणकारांत एकमत नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने 2004 मध्ये विरोध केला आणि 2018 मध्ये पुरावा अपुरा आहे, असे म्हटले. माझा कौल तपासण्याच्या बाजूने आहे, निदान इथे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला, सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून एकदा सरकारी शाळेत येतेच. तीस आजारांच्या मूळ यादीत हा बाक स्वतंत्रपणे नाही, पण वजन-उंची घेताना दहा आणि बारा वर्षांच्या मुलींना, तेरा-चौदाच्या मुलग्यांना, बंद खोलीत एकदा वाकायला सांगायला अर्धे मिनिट लागते.

राहिला पाठपुराव्याचा प्रश्न. गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातली किती तरी घरे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मुले कधी सोबत जातात, कधी आजीपाशी राहतात. दवाखान्याची तारीख जानेवारीत पडली की ती मुलगी हातची गेली. पण जाण्याच्या आधी एकदा आणि आल्यावर एकदा पाहिले, तर मधले अंतर पाच-सहा महिन्यांचे होते. पुस्तक सांगते तेही तेवढेच. तारखा त्याप्रमाणे द्याव्यात, कार्डावर उंची आणि कोन दोन्ही लिहावेत, जुना फोटो घरच्यांकडेच ठेवायला सांगावा. ब्रेस असेल तर कोयत्याबरोबर तोही गाडीत चढला पाहिजे, आणि दोन जादा बनियन.