नेव्हिल बॉनर : प्रतिनिधी कोणाचा?

लोकप्रतिनिधी कोणाचा, पक्षाचा की आपल्या माणसांचा, हा प्रश्न आपणांस नवा नाही. ऑस्ट्रेलियात नेव्हिल बॉनर यांना तो आयुष्यभर पुरला.

ट्वीड नदीच्या मुखाजवळील एका बेटावर १९२२ साली हा आदिवासी मुलगा जन्मला. शाळा जेमतेम वर्षभर. पुढे ऊसतोडणी केली, गुरे राखली. १९७१ साली क्वीन्सलंडच्या रिकाम्या झालेल्या जागेवर लिबरल पक्षातर्फे ते सिनेटमध्ये गेले. ऑस्ट्रेलियाच्या संसदेत आदिवासी सभासद बसला तो प्रथमच. त्यांच्याच समाजातील काही तरुण मात्र त्यांना गोऱ्यांचा हस्तक म्हणू लागले.

हा आरोप आम्हांस पटत नाही. १७८८ साली इंग्रज येण्यापूर्वी सारी भूमी आदिवासींच्या ताब्यात होती व ती गेल्याची भरपाई झाली पाहिजे, हा ठराव बॉनर यांनीच मांडला, आणि १९७५ साली सिनेटने तो एकमताने संमत केला. ठराव म्हणजे कायदा नव्हे. ती भूमी बेवारस नव्हती, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य करायला १९९२ साल उजाडले.

पटले नाही की बॉनर स्वपक्षाविरुद्ध मत देत. १९८३ साली पक्षाने उमेदवारांच्या यादीत त्यांना खाली ढकलले. ते अपक्ष उभे राहिले आणि थोडक्यात पडले. १९९९ साली ते वारले. हस्तक असते, तर पक्षाने त्यांना खाली ढकलले असते काय?