घोड्यांचं मैदान, पण कुणाच्या रानात?

धुळे-सोलापूर महामार्गावरच्या वडीगोद्रीत गावाचं सामाईक घोडेस्वारी मैदान व्हावं, ही कल्पना मला आवडते. पोरांना वरातीपलीकडचा घोडा दिसेल. इतिहासही जवळच आहे. याच जालना जिल्ह्यात असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी वेलस्ली शिंदे-भोसल्यांशी लढला. त्याचा एक घोडा ठार झाला, दुसऱ्याला भाला लागला.

पण लढाई एका दिवसाची, चारा रोजचा. मराठ्यांच्या पागा पावसाळ्यात छावणीला यायच्या, दसऱ्याला मोहिमेवर निघायच्या. मधले चार महिने दाणावैरण लागायची, म्हणून कुरणं राखलेली असत. घोडदळ गेलं. गावोगावी गुरांसाठी उरलं ते गायरान. आज अशा मैदानासाठी पहिलं बोट तिकडंच जातं.

सातबाऱ्यावर 'सरकारी गायरान' दिसतं. सॅटेलाइट नकाशा झूम केला की बांध दिसतात. मराठवाड्यात भूमिहीन, त्यातही दलित कुटुंबांनी गायरानं कसून पोट भरलंय. 14 एप्रिल 1990 पूर्वीचा त्यांचा ताबा सरकारने नियमित करायचं ठरवलं. कागद मात्र अनेकांच्या हाती आलाच नाही. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावजमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, तेव्हाही भूमिहीनांना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला.

त्यामुळे मैदानाचा ठराव आला, तर ग्रामसभेत माझा पहिला प्रश्न खोगिराचा नसेल. त्या गटात यंदा तूर कुणी पेरलीय? दुसरा पाण्याचा: एका घोड्याला रोज तीसेक लिटर लागतं, ते मे महिन्यात कुठल्या विहिरीतून?