ग्रंथाचे वय आणि कर्त्याचे नाव

धर्मग्रंथ केव्हाचा आणि कोणाचा, हे दोन प्रश्न आपण बहुधा एकच मानतो. त्यांतील भेद सुरतेत उगम पावलेल्या एका वादाने स्पष्ट होतो. आंकतील-द्युपेराँ हा फ्रेंच पंडित १७५८ ते १७६१ या काळात सुरतेस राहून दस्तूर दाराबांपाशी अवेस्ता शिकला व १७७१ मध्ये त्याने पॅरिसला त्या ग्रंथाचे भाषांतर छापले. हे लिखाण झरतुष्ट्राचे असणे शक्य नाही, असा आक्षेप विल्यम जोन्स यांनी त्याच वर्षी घेतला. काहींनी तर ती अलीकडच्या पारशी धर्मगुरूंचीच करणी ठरवली. पुढे १८२६ मध्ये रास्क या डॅनिश पंडिताने अवेस्ताच्या भाषेचे प्राचीनत्व दाखवून दिले. मात्र त्याच भाषिक कसोटीवर गाथा ऋग्वेदभाषेच्या निकटच्या, तर वेंदिदाद उत्तरकालीन ठरला. ग्रंथ जुना खरा. पण सगळाच झरतुष्ट्राचा नव्हे.

आरंभीच्या ख्रिस्ती वाङ्मयाचाही विचार असाच करावा लागतो. पौलाच्या नावाची १३ पत्रे आहेत. त्यांपैकी रोमकर, करिंथकर इत्यादिकांस लिहिलेली ७ पत्रे बहुतेक संशोधक त्याची मानतात. तीमथ्य व तीत यांना लिहिलेल्या पत्रांची शब्दकळा निराळी असल्याने ती अनेकांना शिष्यपरंपरेची वाटतात. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर कर्त्याचे नावच नाही.

तेवढ्यावरून ती बनावट म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले, म्हणून ते वारकऱ्यांच्या कंठातून गेले नाहीत. कर्तृत्व भाषेवरून अवश्य तपासावे. परंतु नाव डळमळले म्हणून ग्रंथाचे मोल नाकारू नये आणि तो जतन करणाऱ्यास लबाडही ठरवू नये. सुरतेच्या दस्तुरांवर झालेला अन्याय आपणांस एवढे तरी शिकवतो.