‘बॅच क्रमांक एसआर-१३’ : औषधाची सरकारी सूचना वाचायची कशी?

ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाची एक सूचना आपल्या मुरुम-उमरग्याकडेही मोबाइलवर फिरत होती. कोल्ड्रिफ नावाचं खोकल्याचं सिरप, बॅच क्रमांक एसआर-१३, उत्पादन मे २०२५, मुदत एप्रिल २०२७, विक्री आणि वापर तत्काळ थांबवा, असा तिचा मजकूर. ती वाचून कुणी घरातल्या सगळ्या बाटल्या फेकल्या, तर कुणी “आमच्या बाटलीवर मुदत आहे की अजून” म्हणून तेच औषध चालू ठेवलं. या दोन्ही गोष्टी चुकीच्या का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

आधी ‘बॅच’ म्हणजे काय ते पाहू. भज्यांचा जसा एक घाणा निघतो, तसा औषधाचाही निघतो. एका घाण्याचा कच्चा माल एक, तारीख एक. त्यात काही चुकीचं पडलं तर त्या घाण्याची प्रत्येक बाटली संशयित. म्हणून सूचनेत आधी बॅच क्रमांक पाहायचा, मुदत नंतर. मुदत संपली नाही याचा अर्थ औषध चांगलं आहे असा होत नाही. मुदतीची तारीख कारखान्यात छापलेली असते, तपासणीनंतर नाही.

त्या बॅचमध्ये तामिळनाडूच्या प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. सिरपमध्ये त्याची सहन करण्याजोगी मर्यादा ०.१ टक्का. मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या बाजूला साध्या सर्दी-तापाची मुलं आजारी पडली, लघवी बंद झाली, आणि वीसहून जास्त मुलं दगावली. पुढे त्या कंपनीचा परवानाच रद्द झाला.

हा पदार्थ दिसायला ग्लिसरीनसारखा. पाण्यासारखा स्वच्छ, दाट, चवीला गोड, आणि स्वस्त. कारखान्यात त्याचे रास्त उपयोग आहेत. पण पोटात गेला की मूत्रपिंडं निकामी करतो. जिभेला, नाकाला, डोळ्याला काहीच कळत नाही. कळतं ते फक्त प्रयोगशाळेत.

पहिला मोठा धडा १९३७ सालचा, अमेरिकेतला. एका कंपनीने सल्फा औषध याच पदार्थात विरघळवून विकलं आणि शंभरहून जास्त माणसं मेली. गंमत म्हणावी की संताप करावा, तिथल्या सरकारला त्या बाटल्या जप्त करता आल्या त्या विषासाठी नव्हे! ‘एलिक्सिर’ या शब्दाला मद्यार्क असावा लागतो, आणि यात तो नव्हता. म्हणजे लेबल चुकीचं, एवढाच काय तो गुन्हा. औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवण्याची सक्ती तेव्हाच्या कायद्यात नव्हती. ती पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये आली.

आपल्याकडचा औषध कायदा १९४० चा आणि त्याचे नियम १९४५ चे. तो होता ब्रिटिश हिंदुस्थानासाठी. मुरुम तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, जिथे सरकारी कागद उर्दूत आणि रयत मराठी-कानडी बोलणारी. कागद न कळण्याची सवय आपल्या भागाला जुनीच म्हणायची.

आता खरी आपली गोष्ट. जानेवारी-फेब्रुवारी १९८६, मुंबईचं जे. जे. रुग्णालय. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी रुग्णांना ग्लिसरॉल प्यायला देत. त्या काळात ही सर्वमान्य पद्धत होती, डॉक्टरांनी काही जगावेगळं केलं नव्हतं. पण बाटलीतलं ग्लिसरॉल औषधी दर्जाचं नव्हतं, औद्योगिक होतं, आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं. १४ रुग्ण गेले. जे डोळ्याच्या किंवा मेंदूच्या उपचाराला आले होते, ते मूत्रपिंडाने गेले.

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. ती बाटली रुग्णाच्या खाटेपर्यंत कुणाकुणाच्या हातातून आली, खरेदी कुणी केली, तपासली कुणी, परवाने कसे दिले, हे सगळं त्यात उकरलं गेलं. रुग्णालय, औषध प्रशासन, राजकारणी, कुणाचीही भीड आयोगाने ठेवली नाही. माझ्या मते वैद्यकीय शिक्षणात हा अहवाल वाचायला लावायला हवा. प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाने ‘आधीच्याने पाहिलं असेल’ असं धरलं, आणि कागदोपत्री सगळं ठीक होतं.

आजच्या सूचनांमधले शब्द याच अनुभवांतून घडले आहेत आणि त्यांचे अर्थ वेगवेगळे आहेत. ‘अप्रमाणित’ किंवा ‘मानक दर्जाचे नाही’ म्हणजे ठरलेल्या कसोटीत नापास. गोळी नीट विरघळली नाही तरी ती नापासच, म्हणजे ती विषारी असेलच असं नाही. ‘बनावट’ म्हणजे दुसऱ्याच्या नावाने विकलेलं. ‘भेसळयुक्त’ हा सर्वांत गंभीर प्रकारांपैकी एक. भेसळीच्या किंवा बनावट औषधाने मृत्यू झाला तर किमान १० वर्षांची, जास्तीत जास्त जन्मठेपेची शिक्षा आहे.

‘सल्ला’ आणि ‘बंदी’ यांतही फरक आहे. ३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्राने सांगितलं की २ वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, ५ वर्षांखाली साधारणपणे टाळावीत. हा डॉक्टरांना आणि पालकांना सल्ला आहे, दुकानातून माल उचलण्याचा आदेश नाही. डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिनच्या एका मिश्रणाबद्दल ‘४ वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं लेबलवर छापायला कंपन्यांना सांगितलं गेलं. तर निमेसुलाइडची १२ वर्षांखालील मुलांसाठी फेब्रुवारी २०११ मध्ये झाली ती बंदी. प्रौढांसाठी ते औषध त्यानंतरही मिळत राहिलं, म्हणून घरात वडिलांची गोळी अर्धी करून लेकराला देऊ नका.

सूचनेतली बॅच घरातल्या बाटलीशी जुळली तर बाटली फेकू नका. ती पुरावा आहे. झाकण लावून, बिलासह बाजूला ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा. मुलाला ते औषध दिलं असेल आणि लघवी कमी झाली, उलट्या सुरू झाल्या, मूल सुस्तावलं, तर फोन नंतर करा, आधी दवाखाना गाठा. बिल नेहमी मागून घ्या, त्यावर बॅच क्रमांक लिहिलेला असतो. आणि फारशी माहीत नसलेली एक गोष्ट : कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कोणताही ग्राहक विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, आणि त्याचा अहवाल मिळणं हा त्याचा हक्क आहे.